पाटे दबतात तेव्हा

अँबॅसडरचं उत्पादन २०१४ साली थांबलं, तरी हौसेने जपलेल्या गाड्या अजून रस्त्यावर दिसतात. आमचीही त्यातलीच. मागच्या चाकांना मी जरा रुंद टायर चढवले. अंगणात पाहिलं, तर टायर आणि मडगार्डमध्ये चार बोटं जागा होती. निश्चिंत झालो.

मग सहा माणसं आणि सामान घेऊन घाटात शिरलो. एका खड्ड्यात खर्रकन आवाज आला, पाठोपाठ जळक्या रबराचा वास. टायरच्या कडेवर खोल ओरखडा उठला होता. उतारावर तो फुटला असता, तर?

चूक माझीच. मी रिकामी गाडी मोजली होती. ओझ्याने पाटे सपाट होतात आणि मडगार्ड टायरजवळ येतं. खड्ड्यात एक्सल तिरपा होतो, जागा आणखी घटते. बॉडीखाली जॅक लावलात, तर चाक खाली लोंबतं. तेव्हा दिसणारी जागा फसवी असते.

म्हणून माणसं, सामान भरून गाडी सपाट जागी उभी करा. एक्सल आणि त्याच्या वरचा रबरी बफर यांतलं अंतर मोजा. टायर आणि मडगार्डमधलं अंतर त्याहून बरंच जास्त हवं, म्हणजे टायर घासण्याआधी बफर एक्सलला अडवेल. आत, टायर आणि पाट्यांमध्येही बोट सहज फिरलं पाहिजे. त्याच रिमवर २० मिलिमीटरने जास्त रुंद टायर घेतला, तर आतली १० मिलिमीटर जागा जाते. दोन्ही चाकं तपासा. जुने पाटे एका बाजूला जास्त बसलेले असतात.

याला फार वेळ लागत नाही. गाडीत माणसं आपल्या भरवशावर बसलेली असतात.