किल्ल्या राखणारें यंत्र

मोठ्या कचेरीच्या संगणकजाळ्यांत सर्व्हर पुष्कळ असतात. पण कोणास आंत घ्यावें, कोणास कोणतें कपाट उघडूं द्यावें, हें ठरविणारे थोडेच. मायक्रोसॉफ्टच्या पद्धतींत त्यांस डोमेन कंट्रोलर म्हणतात. त्यांच्या दुरुस्तीस विलंब लागला तर काय होतें, तें २०२० सालीं दिसलें. ‘झिरोलॉगॉन’ नांवाच्या दोषामुळें जाळ्यांत शिरलेल्या परक्यास पासवर्डावांचून सर्वाधिकार मिळवितां येत. ऑगस्टांत दुरुस्ती निघाली होती. तरी १८ सप्टेंबरला अमेरिकेंतील सायबरसुरक्षा-संस्थेस मुलकी सरकारी खात्यांना तीन दिवसांची निर्वाणीची मुदत द्यावी लागली.

मग दुरुस्ती येतांच डोळे मिटून लावावी काय? ११ जानेवारी २०२२ च्या दुरुस्तीनें कित्येक डोमेन कंट्रोलर पुन्हां पुन्हां आपोआप बंद पडून उठूं लागले. १७ तारखेस दुरुस्तीचीच दुरुस्ती काढावी लागली. औषधानें वैद्यच अंथरुणास खिळावा, तसें हें!

म्हणून जाणता व्यवस्थापक आधीं एकाच यंत्रावर दुरुस्ती लावून दिवसभर पाहतो. तोंवर दुसरें यंत्र जुन्या स्थितींतच काम करीत राहतें. झिरोलॉगॉनसारखा दोष असेल, तर हा दिवस तासांवर आणावा लागतो. आणीबाणीच्या खात्याचा पासवर्ड मात्र तो मोहोरबंद लखोट्यांत घालून तिजोरींत ठेवतो; कारण पासवर्डांची पेटी उघडून देणारें यंत्रच कोसळलें, तर त्याच्या दुरुस्तीस लागणारा पासवर्डही त्याच पेटींत अडकून पडतो.