दांडिया बाजार ते मकरपुरा

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



महोत्सव समितीचे निमंत्रण आले, त्या पत्रात माझ्या भाषणाचा विषयही लिहून आला होता : ‘आजारावर मात आणि सायकलप्रवास’. मी समितीला कळवले, की यातील दुसरा भाग खरा आहे, पहिला नाही. मात झालेली नाही. माझा आजार अठरा वर्षांपूर्वी माझ्याकडे मुक्कामाला आला आणि तो जाण्याचे नाव काढत नाही. सायकलही त्याला घालवू शकलेली नाही. समितीत माझी एक वर्गमैत्रीण आहे. तिने तोडगा काढला : ‘तुला जे सांगायचे ते सांग, पण वीस मिनिटांत सांग.’ त्या अटीवर मी उभी आहे.

सायकल मला वडिलांनी कमाटीबागेच्या बाहेर शिकवली. ते प्रतापनगरला रेल्वेच्या कचेरीत कारकून होते आणि निवृत्तीच्या दिवसापर्यंत सायकलनेच गेले. शाळेच्या शेवटच्या तीन वर्षांत मीही सायकलने येत असे. पुढे नोकरी लागली, पहिल्या वर्षाच्या बोनसमधून स्कूटर घेतली आणि सायकल गच्चीच्या जिन्याखाली गेली. ती पुन्हा बाहेर काढावी असे वाटण्याचे कारण नव्हते. आमच्या पिढीच्या मनात सायकल म्हणजे ज्याला दुसरे काही परवडत नाही त्याचे वाहन, हे पक्के बसले होते. वडिलांना आयुष्यभर तेच वाहन पुरले होते, हे माहीत असूनही.

वयाच्या चौतिसाव्या वर्षी माझी कंबर दुखू लागली. दुखण्याची वेळ विचित्र होती. दिवसभर काम करताना फारसे जाणवत नसे. पहाटे तीन-चारला मात्र जाग येई आणि कुशीवर वळणेही अशक्य होई. सकाळी उठल्यावर तासभर शरीर लाकडासारखे. मुलगा तेव्हा लहान होता, त्यामुळे सगळ्यांनी बाळंतपणाला दोष दिला. मग कचेरीतील खुर्चीला दिला, मग गादीला. गादी बदलली. तेले झाली, शेक झाले, पट्टा झाला. ‘आराम करा’ हा सल्ला तर प्रत्येकाने दिला आणि मी तो प्रामाणिकपणे पाळला. रविवारी दिवसभर पडून राही आणि सोमवारी शनिवारपेक्षा वाईट अवस्थेत उठे.

अशी सात वर्षे गेली. अखेर एका संधिवाततज्ज्ञ डॉक्टरांनी असा एक प्रश्न विचारला, जो तोवर कोणीच विचारला नव्हता : ‘तुम्हाला विश्रांतीने बरे वाटते की हालचालीने?’ मी म्हणाले, ‘हालचालीने.’ पुढच्या तपासण्या त्या एका उत्तरातून निघाल्या. आजाराचे नाव अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते. पाठीचा कणा जेथे कमरेच्या हाडांना जुळतो, त्या दोन सांध्यांपासून बहुधा दाह सुरू होतो आणि वर्षानुवर्षे तो चालू राहिला तर मणके एकमेकांना सांधले जाऊ शकतात. एचएलए-बी२७ नावाचे एक आनुवंशिक लक्षण बहुतेक रुग्णांत सापडते; मात्र ते लक्षण असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. बहुधा ऐन तारुण्यात सुरू होणारा हा आजार फार काळ पुरुषांचाच मानला जाई. त्यामुळे स्त्रियांच्या बाबतीत निदानाला अधिक उशीर होतो. माझी सात वर्षे त्याच खात्यात जमा झाली.

येथे पालक बसले आहेत, म्हणून एक गोष्ट आताच सांगून टाकते, नाहीतर ओघात राहून जाईल. तुमचा तरुण मुलगा किंवा मुलगी महिनोन्महिने पाठ दुखते म्हणत असेल, रात्री उत्तररात्री जाग येत असेल आणि उठून फिरल्यावर दुखणे कमी होत असेल, तर मोबाइलला दोष देण्यापूर्वी डॉक्टरांना हे वेळापत्रक नेमके सांगा.

आता नोकरीकडे वळते. मी मकरपुरा जीआयडीसीतील विजेची उपकरणे बनवणाऱ्या एका कारखान्यात हिशेब विभाग सांभाळते. हिशेबनिसाच्या आयुष्यात महिना पहिल्या तारखेला सुरू होत नाही. सात तारखेला कापलेला टीडीएस भरायचा, अकराला जीएसटीचे पहिले विवरण, पंधराला भविष्यनिधी, वीसला दुसरे विवरण. या खुंट्यांना महिना टांगलेला असतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला, त्यानंतरचे वर्ष तर आमच्या धंद्यातील कोणी विसरणार नाही. रात्री दहापर्यंत संगणकासमोर बसायचे आणि संकेतस्थळ उघडण्याची वाट पाहायची. दाहाला बसून राहणे आवडते, हे मला ठाऊक होते. ताणामुळे दुखणे वाढते की दुखण्यामुळे ताण, हे मात्र मला आजही सांगता येणार नाही. दोघे एकाच आठवड्यात येतात आणि एकमेकांकडे बोट दाखवतात.

डॉक्टरांनी औषधांबरोबर रोजचा व्यायाम लिहून दिला होता. पोहणे उत्तम, असे ते म्हणाले होते. पण तरणतलावाच्या वेळा आणि माझ्या तारखा कधी जुळल्या नाहीत. गच्चीत चालणे तीन आठवडे टिकले. अशात एके दिवशी स्कूटर दुरुस्तीला गेली, रिक्षा मिळेना आणि मी मुलाची लहान पडू लागलेली सायकल घेऊन निघाले. दांडिया बाजारातून मार्केट चार रस्ता, राजमहाल रोड, लालबागचा पूल, मांजलपूर आणि मकरपुरा. सुमारे सात किलोमीटर. बडोदे सपाट असल्यामुळे चढ म्हणावा असा तो पूलच. पोहोचले तेव्हा घामाने निथळत होते. फाटकावरच्या पहारेकऱ्याने काळजीने विचारले, ‘बेन, स्कूटर बगड्युं?’ आणि माझ्या लक्षात आले, की रोज या वेळेला कमरेत जो खिळा ठोकलेला असतो तो आज जागेवर नाही.

याचे कारण मला पुढे कळले. स्कूटरवर आपण एकाच अवस्थेत बसून राहतो आणि खड्ड्याचा प्रत्येक दणका थेट कण्यात जातो. सायकलवर खड्डा दिसला की पेडलवर किंचित उभे राहता येते. दणका पाय झेलतात. शिवाय पस्तीस मिनिटे कंबर, नितंब आणि पाय हलते राहतात. बस, एवढेच.

उत्साहाच्या भरात मी पहिल्या महिन्यातच चुका केल्या. आकर्षक दिसते म्हणून वाकून चालवायची सायकल घेतली आणि मान आखडली. वेगाने जाऊ लागले, तर टाचेच्या मागची शीर सुजली. हाडाला स्नायूबंध जेथे चिकटतात तेथे सूज येणे हाही याच आजाराचा भाग. मला सावरले ते आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या सायकलवाल्या काकांनी. त्यांनी मला सायकल चालवून दाखवायला लावली, थोडा वेळ नुसते पाहिले आणि म्हणाले, ‘ताई, ही सायकल तुमची नाही.’ ती विकून त्यांनी मला मधली दांडी नसलेली, स्प्रिंगच्या सीटची साधी लेडीज सायकल दिली. हँडल इतके उंच केले की पाठ ताठ राहावी, सीट इतकी की पाय खाली गेल्यावर गुडघा जरासा वाकलेलाच राहावा. हवा थोडी कमी भरायची, म्हणजे धक्के टायर खातो. शेवटी त्यांनी उजव्या हाताला एक आरसा बसवला. मी विचारले, ‘हा कशाला?’ ते म्हणाले, ‘तुम्ही मागे वळून बघत नाही, अख्ख्या वळता.’ माझी मान पूर्ण वळत नाही, हे मी तोवर घरीही कोणाला सांगितले नव्हते.

हळूहळू माझी ख्याती झाली. कारखान्यात नव्या मुलांना माझे उदाहरण दिले जाऊ लागले. सासूबाई, ज्यांनी पहिल्या दिवशी ‘लोक म्हणतील गाडी विकावी लागली’ असे म्हटले होते, त्या शेजारणींना कौतुकाने सांगू लागल्या. उत्तरायणाच्या दिवसांत पतंगाच्या मांज्याने गळा चिरू नये म्हणून त्या स्वतः माझ्या गळ्याला मफलर गुंडाळून देत. हे सारे फार सुखाचे होते आणि त्यातच घोटाळा झाला. सायकल चालवणारी बाई ही माझी ओळख झाली आणि तिच्या आड आजार लपवणे सोपे झाले.

एका मार्चअखेरीस दाह उसळला. सलग सहा रात्री धड झोप नव्हती. त्या दिवशी रिक्षाने जायला हवे होते. पण ‘आज सायकल कुठे?’ या प्रश्नाला उत्तर देण्यापेक्षा दुखणे बरे, असे मला वाटले. लालबागच्या पुलावरून उतरताना डावीकडून रिक्षा आली. आरसा उजवीकडे होता आणि मान वळली नाही. पडले ते अगदी सावकाश पडले. मनगट मुरगळले, एवढ्यावर निभावले. डॉक्टर मात्र चिडले. या आजारात हाडे ठिसूळ होऊ शकतात, सांधला गेलेला कणा साध्या पडण्यानेही मोडू शकतो, हे त्यांनी मला कागदावर कण्याचे चित्र काढून समजावले. मग त्यांनी विचारले, ‘कोणासाठी चालवता?’ मला उत्तर देता आले नाही.

त्यानंतर मी एक नियम केला. आमच्या घरात त्याला मोज्यांची परीक्षा म्हणतात. सकाळी खुर्चीवर बसून दोन्ही मोजे मला स्वतःला घालता आले, तर सायकल. नाही आले, तर रिक्षा. परीक्षेवर अपील नाही. हिशेबनीस असल्यामुळे मी त्याची वहीही ठेवली आहे. गेल्या आर्थिक वर्षात कामाचे दिवस २९१, सायकलचे १६८. उरलेले १२३ दिवस पूर्वी मी तोट्याच्या बाजूला मांडत असे. त्यात दुखण्याचे दिवस आहेत, मे महिन्यातील बेचाळीस अंशांचे दिवस आहेत, विश्वामित्रीला पूर आला तेव्हाचे दिवस आहेत आणि एका डोळ्याला दाह होऊन उजेड सोसवत नव्हता ते दोन आठवडेही आहेत. आता दोन्ही रकाने एकाच शाईने लिहिते.

रिक्षाने येऊ लागल्यावर लोकांनी विचारलेच. तेव्हा प्रथमच मी आमच्या शेठना आजाराचे नाव सांगितले. त्याचे काय झाले तेही सांगते, कारण अशा भाषणांतून एवढाच भाग गाळला जातो. शेठ चांगले वागले. आराखडे काढण्याचे एक जुने उंच टेबल गोदामात पडून होते, ते त्यांनी माझ्या खोलीत आणून दिले. आता अर्धे काम मी उभ्याने करते आणि दर पाऊण तासाने कारखान्यात एक फेरी मारते. पण त्याच वर्षी नव्या शाखेच्या हिशेबांची जबाबदारी, जी माझ्याकडे येणार हे ठरल्यासारखे होते, ती माझ्याहून धाकट्या सहकाऱ्याकडे गेली. माझ्या प्रकृतीची काळजी म्हणून, की माझ्यावरचा भरवसा कमी झाला म्हणून, मला ठाऊक नाही. मी विचारले नाही. तरीही, पुन्हा तीच वेळ आली तर सांगेन. लपवण्यासाठी जे बळ लागत होते ते किती मोठे होते, हे सांगून टाकल्यावरच कळले.

कोणी विचारतात, सायकलवर मन शांत होते का? जाताना होत नाही. जाताना डोक्यात वीस तारीख असते. परतताना मात्र राजमहालाच्या कुंपणालगतच्या झाडीजवळ कधीतरी आकडे सुटतात आणि भूक लागते. पूर्वी स्कूटरवरून मी वीस मिनिटांत घरी पोहोचत असे आणि माझ्याबरोबर कचेरीही पोहोचत असे. मुलगा म्हणतो, ‘आई सायकलवरून आली की ओरडत नाही.’ ते प्रमाणपत्र मी वहीला चिकटवून ठेवले आहे. तो आता अभियांत्रिकीला आहे आणि ते मागे घेण्याच्या गोष्टी करतो.

वीस मिनिटे संपत आली, असे माझी मैत्रीण खालून खुणावते आहे. एक सूचना करून थांबते. समितीने मोठ्या प्रेमाने शाळेच्या सायकल स्टँडमध्ये माझ्या नावाची पाटी लावून एक जागा राखून ठेवली आहे. दहावीत मी जेथे सायकल लावत असे, नेमकी तीच. मी तिचा फोटो काढला. पण आज सकाळी माझे मोजे मुलाने घातले, म्हणून मी रिक्षाने आले आहे. बाहेर रस्त्यावर वाहने दाटीने उभी आहेत. ज्यांना जागा मिळाली नसेल, त्यांपैकी कोणीतरी आपली दुचाकी तेथे आणून लावावी. पाटी काढली तरी चालेल.