मुंबईत एकच संध्याकाळ मोकळी असेल, तर कोणतं नाटक बघायचं?

दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की नांदेड-लातूरच्या पोरापोरींचे मेसेज सुरू होतात. "ताई, चार दिवस मुंबईला चाललोय, एखादं भारी नाटक सांग ना."

नाव मी सांगणार नाही. हा भाग तुम्ही कधी ऐकाल कुणास ठाऊक, आणि नाटकांचे प्रयोग आठवड्या-आठवड्याला ठरतात. आज निवडायचं कसं, तेवढंच बोलू. माझा नियम एकच आहे. जे नाटक उद्या आपल्या गावात येणारच आहे, त्यात मुंबईची संध्याकाळ घालवायची नाही.

आता कोणतं नाटक गावात येतं? मुंबई ते नांदेड जवळपास ६०० किलोमीटर. नटांची बस, सेटचा टेम्पो, राहणं, जेवण. इथला कुणीतरी ठेकेदार तो प्रयोग ठरावीक रकमेला विकत घेतो. मग नांदेडचं शंकरराव चव्हाण प्रेक्षागृह असो की लातूरचं दयानंद सभागृह, खुर्च्या भरल्या नाहीत तर खड्डा त्याच्याच खिशाला पडतो. त्यामुळं तो काय उचलणार? मालिकेतला चेहरा, विनोद, सुटसुटीत सेट. त्याला नावं ठेवायचं कारण नाही, त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. पण म्हणूनच ज्यात ओळखीचा चेहरा नाही, ज्याचा सेट दोन मजली आहे, किंवा जे शंभर माणसांपुढंच चांगलं वाटतं, ते नाटक आपल्याकडं सहसा पोचत नाही. ते तिकडंच जाऊन बघावं लागतं.

२०२२ च्या दिवाळीत आम्ही तिघं होतो. मी, आई आणि लातूरला नीटची तयारी करणारा माझा मामेभाऊ. त्याला क्लासमधून मोजून तीन दिवस मिळाले होते. राज्य नाट्य स्पर्धेतली नाटकं त्यानं पाहिली होती, व्यावसायिक नाटक एकदाही नाही. वहीत एकांकिका लिहायचा, मामाला न सांगता. मामानं हातखर्चाला दोन हजार दिले होते, त्यातनं तो तिकीट काढणार होता.

आईला मालिकेतल्या एका नटाचं विनोदी नाटक बघायचं होतं. मी 'चारचौघी' धरून बसले. आई म्हणाली, "सुट्टीत येऊन रडायचं नाटक कामून बघायचं?" प्रश्न चुकीचा नव्हता. वर्षातनं एकदा ती घराबाहेर पडते.

'चारचौघी' प्रशांत दळवींनी लिहिलंय, दिग्दर्शन चंद्रकांत कुलकर्णींचं. दोघंही औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या संभाजीनगरच्या, 'जिगीषा' संस्थेतून मुंबईला गेलेले, आपल्याच मराठवाड्यातले. नाटक १९९१ चं, ते २०२२ मध्ये नव्या संचात पुन्हा आलं होतं. एक आई आणि तिच्या तीन मुली. थोरली मुलगी नवऱ्याशी फोनवर बोलते, तो लांबलचक प्रवेश मुक्ता बर्वे एकटी करते. पलीकडचा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही, आणि तरी नवरा काय म्हणतोय ते कळत राहतं.

मध्यंतरात आई वडा खायलाही उठली नाही. नंतर लोकलमध्ये तिनं एवढंच विचारलं, "हे १९९१ ला लिहिलंय?" त्या साली तिचं लग्न झालं होतं. मामेभाऊ तर बोलतच नव्हता. कल्याण आल्यावर म्हणाला, "ताई, पलीकडच्या माणसाचे डायलॉग पण त्यांनी लिहून काढले असतील का गं?" ते विनोदी नाटक चार महिन्यांनी नांदेडला आलंच. आईनं मैत्रिणींसोबत बघितलं, पोट धरून हसली.

तर, जाहिरात नीट वाचायची. फोटो मोठा असतो, लेखक-दिग्दर्शकाचं नाव बारीक असतं, ते बारीक आधी वाचा. कितवा प्रयोग तेही छापलेलं असतं. पहिल्या चार-पाच प्रयोगांत नाटक अजून बसत असतं. पन्नाशी ओलांडलेलं असेल तर हात घट्ट बसलेला असतो. आणि 'शेवटचे काही प्रयोग' यावर लगेच घाबरायचं नाही, नाटकवाले निरोप पुन्हा पुन्हा घेतात!

दुसरं, मुक्काम कुठं आहे ते बघा. नाटक म्हटलं की सगळे दादरचं शिवाजी मंदिर म्हणतात. प्लाझासमोरची ती जागा एकदा बघावीच, पण मावशी डोंबिवलीत राहत असेल तर सावित्रीबाई फुले नाट्यमंदिर तिथंच आहे. कल्याणला अत्रे रंगमंदिर, ठाण्यात गडकरी रंगायतन, वाशीत विष्णुदास भावे, पनवेलला फडके, बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे. एकच नाटक या सगळ्यांतनं फिरत असतं. रात्री साडेअकराला अनोळखी स्टेशनवर आईला घेऊन उभं राहण्यापेक्षा हे बरं. फक्त नाट्यगृह दुरुस्तीसाठी बंद नाही ना, ते आधी बघून घ्या.

जुहूचं पृथ्वी थिएटर वेगळं. १९७८ पासून चालू आहे, जेमतेम दोनशे खुर्च्या, नट अगदी हाताच्या अंतरावर. हिंदी नाटकं जास्त असतात. उशीर झाला तर आत घेत नाहीत, विनवण्या करू नका. पुण्याला जाणार असाल तर बालगंधर्व आहेच, पण शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचावर काय चाललंय तेही बघा. तिथली नाटकं आपल्याकडं येणं अवघड.

तिकीट बुकमायशो किंवा तिकीटालय अ‍ॅपवर मिळतं. खिशाला जड वाटलं तर बाल्कनी घ्या, आवाज तिथंही पोचतो. आणि देवगिरी किंवा लातूर एक्स्प्रेसचं रिझर्वेशन असेल त्या रात्रीचा प्रयोग धरू नका. फार तर दुपारी चारचा. पडदा पडायच्या आधी घड्याळ बघत बसलात तर पैसे वाया.

मामेभावाची ती एकांकिका पूर्ण झालीय. मामाला अजून माहीत नाही, म्हणून नाव सांगत नाही. पुढच्या भागात राज्य नाट्य स्पर्धेच्या नांदेड केंद्राबद्दल बोलू. तोवर कुठलं तिकीट काढलंत, ते कळवा.