बांध कोणाचा?

(तलवाडा, ता. गेवराई येथील प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



पहिला पाऊस पडला की औते निघतात आणि त्यांच्याबरोबर बांधाची भांडणेही निघतात. "तू माझा बांध कोरलास," असे एक म्हणतो. "आजापासून आमची वहिवाट इथपर्यंत आहे," असे दुसरा म्हणतो. शब्दाने शब्द वाढतो, काठ्या निघतात. जमीन राहते जागेवर. माणसे मात्र कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात.

वाद केवढ्याचा आहे ते आधी मोजून पाहू. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा. ती भरते १,०८९ चौरस फूट. समजा, बांध ३३० फूट लांब आहे आणि तो ३ फूट सरकवला. तर ९९० चौरस फूट जमीन गेली. म्हणजे जवळजवळ गुंठाभर! हे नुकसान लहान नाही. पण डोकी फोडून घेण्याइतके मोठेही नाही.

आता मुख्य गोष्ट ऐका. जमिनीचे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत. माझी जमीन किती? हा पहिला. ती नेमकी कुठून कुठपर्यंत? हा दुसरा. सातबाऱ्यात नाव, गट नंबर, क्षेत्र, पीक आणि इतर हक्क लिहिलेले असतात. बांध कुठे आहे, हे त्यात नसते. म्हणून सातबारा हातात धरून हद्द सिद्ध होत नाही.

मालकीचेही तसेच. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे सातबाऱ्यावरची नोंद चूक ठरेपर्यंत खरी धरतात. पण नुसत्या नोंदीने कोणी मालक होत नाही. जमीन आपल्याकडे कशी आली, हे खरेदीखत, वाटणीपत्र, वारसाचा फेरफार अशा कागदांवरून दाखवावे लागते. आपला मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. दफ्तर उर्दूत असे. आपल्या आजा-पणजांपैकी किती जणांना ते वाचता येत होते? म्हणून जुन्या वादात १९५४-५५ चे खासरा पत्रक फार कामाला येते. त्याची नक्कल मागून घ्यावी.

हद्दीसाठी मोजणी करावी लागते. तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात अर्ज देऊन फी भरावी. शेजाऱ्यांना नोटिसा जातात. सरकारी मोजणीदार जुन्या नकाशावरून मोजतो आणि हद्दीच्या खुणा दाखवतो. मग 'क' प्रत नावाचा नकाशा मिळतो. कागदावरची हद्द कुठे आणि प्रत्यक्ष वहिवाट कुठे, हे त्यात दिसते. अतिक्रमण असले तर तिथे उघडे पडते. मोजणी पटली नाही तर वरिष्ठांकडून निमताना मोजणी मागता येते. मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा. पंचनामा पुरता वाचल्याशिवाय सही करू नका. अंगठा तर आता नकोच!

अतिक्रमण निघाले म्हणून रातोरात नांगर घालू नका. खुणेचे दगड उपटू नका. तो गुन्हा आहे. शेजारी ऐकत नसेल तर दिवाणी कोर्टात दाद मागावी. मात्र गप्पही बसू नये. दुसऱ्याने आपली जमीन उघडपणे, मालक म्हणून १२ वर्षे वहिली आणि आपण काहीच केले नाही, तर हक्क गमावण्याची वेळ येते.

कधी कधी दोघेही खरे असतात. याची जमीन त्याच्या वहितीत, त्याची याच्या वहितीत, असा घोळ गावोगाव आहे. त्यासाठी सरकारने २०२३ साली सलोखा योजना काढली. असा उलटसुलट ताबा किमान १२ वर्षांचा असेल आणि दोघे राजी असतील, तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क १,००० रुपये व नोंदणी फी १,००० रुपये एवढीच ठेवली. एका तारखेच्या वकिलापायी याहून जास्त पैसा जातो की नाही, तुम्हीच सांगा.

तेव्हा, मंडळी, आज घरी गेल्यावर एवढे करा. पेटीतला सातबारा काढा. आपले नाव, गट नंबर आणि क्षेत्र स्वतः वाचा. नाव चुकले असेल तर तलाठ्याकडे जा. बांधाचा संशय असेल तर शेजाऱ्याला हाक मारा आणि म्हणा, "दादा, दोघे मिळून मोजणी आणू. निघेल ते मान्य करू." बैल अडला, साप निघाला, तर आधी धावून येणारा तोच आहे.