तळे आपले, सांडवा शेजाऱ्याचा

(महोत्सवानिमित्त भरलेल्या शेतकरी-मेळाव्यात केलेले भाषण)



ह्या आनंदाच्या दिवशी चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली. अशा प्रसंगी थोरांचे गुणगान करावे ही रीत आहे. परंतु आम्ही पडलो शेतकरी. माती, गाळ आणि मोरी ह्यांपलीकडे आमची गती नाही. तेव्हा जे आम्हांस थोडेफार कळते, व जे शिकताना आम्ही शेजाऱ्याचे नुकसान केले, त्याविषयीच बोलावे असे योजिले आहे. विषय आहे शेततळ्याच्या पाण्याची वाट. अर्थात जे पाणी तळ्यात राहते ते नव्हे, तर जे तळ्यातून बाहेर पडते ते.

प्रथम आमचा अपराध सांगतो. काही वर्षांपूर्वी आमचे तळे आषाढातच काठोकाठ भरले आणि सांडव्यावरून पाणी वाहू लागले. ते पाहून आमच्या मनात लोभ उपजला. तीस मीटर लांब व तितक्याच रुंद तळ्यात पाण्याची पातळी एक फूट वाढविली, तर अडीच लाख लिटरांहून अधिक पाणी जास्तीचे मिळते. रब्बीच्या हरभऱ्यास एक ओलीत सहज होईल, असा हिशेब करून आम्ही सांडव्याच्या तोंडावर मातीची पोती रचली. हिशेब चुकीचा नव्हता. पण अर्धाच होता. मघा नक्षत्रात एके रात्री पाऊस कोसळला. पोत्यांपाशी गतवर्षीच्या पऱ्हाट्या आणि बेशरमीच्या फांद्या येऊन अडकल्या. पाण्यास वाट उरली नाही, तेव्हा पाळ जेथे दबलेली होती तेथून ते वाहू लागले, आणि पहाटेपूर्वी तेथे खांड पडली. खालच्या बाजूस शेजाऱ्याची दोन एकर कपाशी पात्या-फुलांवर होती. सकाळी तेथे कपाशी नव्हती, आणि माती खरवडून मुरूम उघडा पडला होता.

शेजारी भांडावयास आला नाही. बांधावर उभा राहून तो एवढेच म्हणाला, "भाऊ, पाऊस कोणाच्या हातचा नाही. पण तुम्ही सांडवा बुजवला, हे मला आधी सांगायचे तरी होते." ह्या शब्दांनी आम्हांस जे शिकविले ते कोणत्याही पुस्तकाने शिकविले नसते. कपाशी पुढील साली पुन्हा पेरता येते; गेलेली माती पेरता येत नाही. पुढे दोन उन्हाळे आमच्या तळ्यातील गाळ काढून आम्ही त्याच्या शेतात टाकीत होतो.

आता कोणी म्हणेल, एका पावसाने असे काय होणार? आपल्या जिल्ह्यात वर्षास सरासरी सुमारे नऊशे मिलिमीटर पाऊस पडतो. पण तो शिस्तीने थोडथोडा पडत नाही. २०२३ च्या जुलै महिन्यात महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्यावर पुरात अडकलेल्या लोकांसाठी वायुदलाचे हेलिकॉप्टर धाडावे लागले, हे आपण विसरला नसाल. तीस मीटर चौरस, तीन मीटर खोल आणि एकास एक उताराच्या तळ्यात सुमारे बावीसशे घनमीटर पाणी मावते. दहा एकर क्षेत्राचे पाणी अशा तळ्याकडे येत असेल, आणि शंभर मिलिमीटर पावसापैकी निम्मे जरी वाहून आले, तरी एका दिवसात दोन हजार घनमीटर पाणी जमा होते. म्हणजे एका मोठ्या पावसात तळे भरले. दुसऱ्या पावसाचे सारे पाणी बाहेरच जाणार. ते कोठून व कसे जावे, हे आपण ठरविले नाही तर ते स्वतः ठरविते.

ह्याच क्षेत्रावर तासात पन्नास मिलिमीटर पाऊस झाला, तर दर सेकंदास पावणेतीनशे लिटर पाणी बाहेर सोडावे लागेल. सहा इंची नळातून त्याचा आठवा हिस्साही जात नाही. तेवढ्यासाठी दोन मीटर रुंदीचा मोकळा, दगडी सांडवा पाहिजे. त्यावरून पाणी वीतभर उंचीने वाहील. म्हणून सांडव्याच्या उंबऱ्यापासून पाळीचा माथा निदान दोन फूट उंच असावा. हे दोन फूट रिकामे दिसतात, म्हणून ते भरावेसे वाटतात. आम्हांस वाटले होते, तसेच.

खासगी तळ्यांची ही विद्या आपल्या विदर्भास नवी नाही. वर्धा नदीच्या पूर्वेस भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली ह्या प्रदेशांत कोहळी समाजाने पूर्वकाळी बांधलेले शेकडो तलाव आजही धानास पाणी देतात. इंग्रजी अमलात मालगुजारास गावाची मालकी मिळाली, त्यावरून ते मालगुजारी तलाव म्हणून ओळखले गेले. त्यांतील पाणी सोडण्याच्या दाराला तेथे तुडूम म्हणतात. मालकी एकाची असली, तरी पाळ राखणे, पाट साफ करणे व पाण्याची पाळी ठरविणे ही कामे गाव मिळून करीत असे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि १९५१ पासून हे तलाव सरकारच्या हाती गेले. जुलमी वसुली गेली, ते उत्तमच झाले. परंतु पाट उपसणाऱ्या हातांचा संबंधही सैल झाला, आणि अनेक तलाव गाळाने भरले.

आपला यवतमाळ जिल्हा, ज्यास १९०५ पूर्वी वणी जिल्हा म्हणत, वऱ्हाडचा भाग. येथे रयतवारी असल्याने मालगुजारी तलावांची परंपरा रुजली नाही. आपण विहिरींवर भिस्त ठेविली. घरोघरी तळे ही गोष्ट येथे अलीकडची. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही सरकारी योजना निघाली, तेव्हापासून ती विशेष पसरली. तळे खणण्यास अनुदान मिळाले. पण पाळ राखण्याची शेजारधर्माची रीत अनुदानाबरोबर येत नाही. ती आपणांसच निर्माण करावी लागेल.

कायद्याचेही ह्याविषयी एक मत आहे. इंग्लंडात लँकेशायर परगण्यात जॉन रायलंड्स ह्या कापड-गिरणीवाल्याने गिरणीसाठी तळे बांधविले. तळाखाली जुन्या खाणींची विवरे होती. बांधणाऱ्यांनी ती नीट बुजविली नाहीत. १८६० च्या डिसेंबरात पाणी त्या विवरांतून फ्लेचर नामक शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरले. १८६८ साली तेथील लॉर्डांच्या सभेने निर्णय दिला की, जो आपल्या जमिनीत पाणी आणून साठवितो, त्याने ते निसटून झालेली हानी भरून द्यावी. आपण स्वतः हयगय केली नाही ही सबब चालणार नाही. पुढे हे तत्त्व भारतीय न्यायालयांच्या विचारातही आले. परंतु शेजाऱ्यास कोर्टाची पायरी चढावी लागावी, इतपत गोष्ट जाऊच का द्यावी?

ती जाऊ नये म्हणून काय करावे, हे आता थोडक्यात सांगतो.

उन्हाळ्यात आपली काळी माती आटते व तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाळ काळ्या मातीची असेल तर पहिल्या पावसाचे पाणी ह्याच भेगांतून आत शिरते. म्हणून रोहिणी लागताच पाळीवरून एक फेरी पायी घालावी. भेगा, उंदीर-घुशींची बिळे व खेकड्यांची भोके दिसतील, ती वरून माती लोटून झाकू नयेत. शेवटापर्यंत खोदून, ओलसर माती थराथराने घालून धुमसावी. पाळीवर बाभूळ किंवा पळस वाढू देऊ नये. झाड वाळले की मुळे कुजतात आणि त्यांच्या जागी पाण्यास आयती नळी मिळते. पाळीवर हराळी व काठाशी वाळा लावावा; त्यांची मुळे माती धरून ठेवतात.

मृगापूर्वी येव्याच्या तोंडाशी असलेला गाळाचा खड्डा उपसावा. तो भरलेला असला तर सारा गाळ तळ्यात जातो. सांडव्याचा उंबरा, त्याखालची दगडी बिछायत आणि नाल्यापर्यंतची चर पाहावी. पाणी जेथे उंचावरून पडते तेथील दगड निसटले असतील तर प्रथम ते बसवावे. कारण सांडवा नेहमी पायथ्याकडून पोखरत वर येतो. चर नैसर्गिक नाल्यासच मिळाली पाहिजे, शेजाऱ्याच्या धुऱ्यावर नव्हे. मासे राखण्यासाठी सांडव्यावर जाळी लाविली असल्यास पावसाळ्यात प्रत्येक मोठ्या सरीनंतर ती स्वच्छ करावी. मासा वाचविताना तळे गमावल्याची उदाहरणे आहेत.

तळाशी पाणी सोडण्याचा नळ असेल, तर त्याचा व्हॉल्व्ह वर्षातून दोनदा तरी उघडून मिटावा. न हालविलेला व्हॉल्व्ह संकटसमयी हालत नाही. नळाच्या बाहेरील अंगाने पाझर दिसला व पाणी गढूळ असले, तर माती वाहून जात आहे असे समजून विनाविलंब तळे उतरवावे. स्वच्छ पाझर थांबून पाहता येतो; गढूळ पाझर थांबू देत नाही. प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या तळ्यास भोक पाडू नये. तेथे लवचीक नळी पाण्याने भरून, दोन्ही तोंडे दाबून एक टोक तळ्यात व दुसरे पाळीबाहेर खाली सोडावे, आणि मग तोंडे मोकळी करावीत. इंजिनावाचून पाणी आपण होऊन ओढले जाते. अशा तळ्याचे काठ निसरडे असतात. म्हणून कुंपण घालावे व गाठी मारलेला दोर काठापासून आत सोडून ठेवावा. लेकरू घसरले तर तेवढाच त्यास आधार.

शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कठीण आहे. दरवर्षी मृगापूर्वी खालच्या शेजाऱ्यास बरोबर घेऊन सांडव्यापासून नाल्यापर्यंत चालत जावे. पाणी कोठून जाईल ते त्यास दाखवावे, आणि त्याचे म्हणणे ऐकावे. सांडव्यात काही फेरफार करावयाचा असल्यास प्रथम त्यास विचारावे. आमचा शेजारी व आम्ही आता ही फेरी मिळून घालतो. मागील साली उंबऱ्याचा एक दगड ढिला झाला होता. तो आमच्या नव्हे, त्याच्याच दृष्टीस पडला.

बंधुभगिनींनो, तळ्यातील पाण्यावर आपले नाव असते. सांडव्यावरून एकदा ते पुढे गेले की त्यावर आपले नाव राहत नाही, जबाबदारी मात्र राहते. रोहिणी नक्षत्र दूर नाही. घरी गेल्यावर एकवार आपल्या पाळीवरून फिरून यावे, आणि जाताना शेजाऱ्यास हाक द्यावी, एवढीच आमची नम्र विनंती आहे.