बर्फभूमीतील दातांचे अर्थकारण



शालेय पुस्तकांतून एस्किमो या नावाने परिचित असलेल्या उत्तर ध्रुवाकडील इनुइट लोकांना एके काळी दातांची कीड जवळजवळ ठाऊक नव्हती. सील, कॅरिबू हरीण आणि मासे हा त्यांचा मुख्य आहार. तोंडातील जंतू साखर आंबवून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात पोखरते. साखरच नसेल तर कीड लागावी कशी? १९३३ मध्ये अलास्कात गेलेले अमेरिकन दंतवैद्य वेस्टन प्राइस यांना पूर्वापार आहार घेणाऱ्यांचे दात निरोगी आढळले. दुकानातील मैदा-साखरेवर जगणाऱ्यांचे मात्र किडलेले. वंश तोच, भूमी तीच. बदलले होते ते अन्न.

हा बदल आपोआप घडला नाही. १६७० मध्ये स्थापन झालेल्या हडसन्स बे कंपनीची ठाणी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आर्क्टिक किनाऱ्यावर पसरली. शिकाऱ्याने पांढऱ्या कोल्ह्याची कातडी आणावी आणि मोबदल्यात पीठ, साखर, चहा न्यावा, असा तो व्यवहार. पोटासाठी शिकार करणारा माणूस बाजारासाठी सापळे लावू लागला. पुढे १९५० ते १९७० या काळात भटकी कुटुंबे कायम वसाहतींत स्थिरावली आणि दुकानावरचे अवलंबन वाढले.

त्याचे फळ आकड्यांत दिसते. कॅनडातील २००८-०९ च्या इनुइट दंतारोग्य पाहणीत ३ ते ५ वर्षांच्या सुमारे ८५ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले. किशोरवयीनांत हे प्रमाण ९७ टक्के होते. त्याच सुमाराच्या देशव्यापी पाहणीत ते ५९ टक्के होते. याचा दोष आयांच्या अज्ञानावर ढकलणे सोपे आहे. परंतु नुनावुतमधील २५ वसाहती एकमेकींना रस्त्याने जोडलेल्या नाहीत. अनेक वसाहतींत दंतवैद्य विमानाने अधूनमधून येतो, आणि कीड फार वाढलेल्या बालकाला भूल देऊन उपचार करण्यासाठी दूरच्या रुग्णालयात न्यावे लागते.

उपाय माहीत नव्हता असे नाही. १९७२ मध्ये फोर्ट स्मिथ येथे दंतोपचारकांचे विद्यालय निघाले. दात भरणे व काढणे शिकलेली माणसे तेथून उत्तरेच्या वसाहतींत जात. पुढे ते दुसऱ्या प्रांतात हलविले गेले आणि केंद्र सरकारने अनुदान थांबविल्यावर २०११ मध्ये बंद पडले. अलास्काने २००३ मध्ये आपले तरुण याच शिक्षणासाठी न्यूझीलंडला पाठविले. २००६ मध्ये दंतवैद्यांच्या संघटनांनी त्याविरुद्ध दावा लावला. २००७ मध्ये न्यायालयाने या उपचारकांच्या बाजूने कौल दिला, आणि ते काम टिकले.

विद्यालयाच्या खात्यावर वाचविलेला पैसा विमानप्रवास आणि शस्त्रक्रियांच्या खात्यावर खर्ची पडतो. रात्रभर कळा सोसणाऱ्या मुलाची वेदना मात्र कोणत्याच खात्यावर नोंदली जात नाही. कातड्याच्या बदल्यात साखर देणाऱ्यांनी नफा नेला. किंमत अजून ही मुले चुकवीत आहेत. म्हणून गावातच राहणारा उपचारक आणि परवडणारे सकस अन्न हे या लोकांचे येणे आहे. ते दान नव्हे.