पहाटेच्या अंधारातील धाव आणि शिक्षकाचे कर्तव्य

(केंद्र शिक्षण परिषदेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या परिषदेच्या विषयपत्रिकेवर वाचन, गणित आणि पटनोंदणी हे नेहमीचे विषय आहेतच. त्यांविषयी माझ्यापेक्षा अधिकारी वक्ते आपल्याशी बोलणार आहेत. माझ्या वाट्याला आलेल्या वेळात मी एक निराळा विषय आपल्यापुढे मांडणार आहे. आपल्या गावांतील मुले व मुली पहाटेच्या आणि तिन्हीसांजेच्या अंधूक उजेडात रस्त्यावर धावतात, त्यांच्या जिवाच्या सुरक्षिततेचा तो विषय होय. वरवर पाहता तो आपल्या अभ्यासक्रमात कोठेच बसत नाही. परंतु ही मुले काल-परवापर्यंत आपल्याच वर्गात बसत होती, आणि आजही गावात त्यांच्यावर कोणाच्या शब्दाचे वजन असेल तर ते त्यांच्या गुरुजींच्या आणि बाईंच्या शब्दाचे आहे. म्हणून हा विषय आपला आहे, असे मी मानतो.

दोन वर्षांपूर्वीच्या पौष महिन्यातील एक प्रसंग सांगतो. दूरच्या एका शाळेत सकाळच्या सत्राला हजर राहावयाचे म्हणून मी पहाटे साडेपाचच्या सुमारास मोटारसायकलवरून निघालो होतो. ऊस-हंगाम ऐन भरात होता. समोरून दोन ट्रॉल्या जोडलेला एक ट्रॅक्टर आला आणि त्याच्या दिव्यांनी माझे डोळे दिपले. तो बाजूने गेला. त्यानंतरचे दोन-तीन क्षण मला काहीच दिसेना. आणि त्या काळोखातून एकाएकी चार पाठी माझ्यापुढे उभ्या राहिल्या. मी ब्रेक दाबला, रस्त्यावर सांडलेल्या पाचटावरून चाक घसरले, आणि गाडी कशीबशी थांबली तेव्हा तिच्यात आणि शेवटच्या मुलात दोन हातांचे अंतर होते.

त्यांपैकी एक माझा जुना विद्यार्थी निघाला. माझे हात थरथरत होते. तो मात्र शांत होता. तो म्हणाला, “गुरुजी, घाबरू नका. तुमच्या दिव्याचा उजेड आम्हांला केव्हाच दिसला होता.”

बंधुभगिनींनो, या एका वाक्यात सारा धोका साठविलेला आहे. त्याला माझा उजेड दिसला होता, म्हणून मलाही तो दिसला असणार, असे त्याने गृहीत धरले. अंधारात चालणाऱ्या प्रत्येक माणसाची हीच समजूत असते. वाहनाचा दिवा दुरून दिसतो, कारण तो स्वतः प्रकाश देतो; गडद कपड्यांतील माणूस प्रकाश देत नाही, आणि त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातील फार थोडा परत पाठवितो. पाहणे आणि दिसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मुलांना पटविणे हेच आपले पहिले काम.

मी त्याला विचारले, “अरे, शाळेचे एवढे मैदान सोडून रस्त्यावर का धावता?” तो म्हणाला, “मैदानाच्या फाटकाला कुलूप असतं, गुरुजी.” ते कुलूप कोणाच्या सूचनेवरून लागले होते, हे मला ठाऊक होते. मैदानाच्या कडेच्या नळांच्या तोट्या कोणी मोडल्या होत्या, म्हणून तपासणीच्या शेऱ्यात ती सूचना मीच लिहिली होती. त्याविषयी शेवटी बोलेन.

ही मुले धावतात ती हौसेखातर नव्हे. पोलीस भरतीच्या शारीरिक चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, सैन्यभरतीतही १.६ किलोमीटरची धाव असते. अल्पभूधारक घरातील मुलाला ही धाव म्हणजे पोटाची वाट आहे. दिवसा त्याला शेतात किंवा मजुरीवर जावयाचे असते, मुलीला घरचे पाणी भरावयाचे असते. म्हणून उरतो तो पहाटेचा अंधार. शिवाय थोर उदाहरणेही आपल्याच मातीतील आहेत. माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळा शर्यतीच्या अंतिम फेरीत धावल्या. बीड जिल्ह्यातील मांडव्याचे अविनाश साबळे यांनी २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याच शर्यतीत रौप्यपदक मिळविले. तेव्हा “अंधारात धावू नका” एवढे सांगून आपले कर्तव्य संपत नाही. कसे धावावे, हे सांगितले पाहिजे.

प्रथम थोडे गणित पाहू. हे उदाहरण आपण सातवी-आठवीच्या वर्गात फळ्यावर सोडवून घेऊ शकाल. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. समोर काही आहे असे चालकाला दिसल्यापासून त्याचा पाय ब्रेकवर दाबला जाईपर्यंत सुमारे दीड सेकंद जातो. तेवढ्यात वाहन २५ मीटर पुढे आलेले असते. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर ते थांबण्यास आणखी वीसेक मीटर लागतात. म्हणजे एकूण सुमारे ४५ मीटर. कबड्डीची साडेतीन मैदाने एकापुढे एक आखली तर होईल एवढे अंतर. रस्ता ओला असेल, त्यावर पाचट वा वाळू असेल, वाहन भरलेले असेल, तर याहून अधिक. आणि काळ्या वा निळ्या कपड्यांतील माणूस मोटारीच्या खाली झुकविलेल्या दिव्यांत पुष्कळदा २५-३० मीटरांवर येईपर्यंत चालकाच्या ध्यानात येत नाही. पुढील वजाबाकी विद्यार्थ्यांनाच करू द्या. उत्तर आल्यावर वर्गात जी शांतता पसरते, ती दहा उपदेशांहून अधिक काम करते.

आता डोळ्यांविषयी. मंद उजेडात आपल्या डोळ्यांतील रंग ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ निष्क्रिय होतात आणि केवळ उजळ-काळे जाणणाऱ्या पेशी काम करू लागतात. लाल रंग तर सर्वांआधी काळवंडतो. दिवसा डोळ्यांत भरणारा तांबडा सदरा झुंजुमुंजूच्या वेळी काळाच दिसतो, तो यामुळे. हल्ली झगझगीत पोपटी व नारिंगी रंगांचे बनियन मिळतात; त्यांचा उपयोग संधिप्रकाशात चांगला होतो, परंतु ते दिवसाच्या प्रकाशातील अदृश्य किरणांवर झळकत असल्याने पूर्ण अंधारात त्यांचे तेज राहत नाही. पांढरा सदरा काळ्यापेक्षा निश्चित बरा. परंतु धुक्यात तोही विरून जातो.

मग उपाय कोणता? आपण बाजारात ज्या चकचकीत पट्टीला ‘रेडियम’ म्हणतो, ती पट्टी. मादाम क्यूरी व त्यांचे पती पिएर यांनी १८९८ मध्ये शोधलेल्या रेडियम धातूशी तिचा काही संबंध नाही, हे विज्ञानाच्या शिक्षकांनी अवश्य सांगावे. या पट्टीत अतिसूक्ष्म काचमणी किंवा सूक्ष्म त्रिकोणी कोपरे असतात. त्यांवर पडलेला प्रकाश इतस्ततः न फाकता जिकडून आला तिकडेच परत जातो. मोटारीच्या दिव्यातून निघालेला उजेड म्हणूनच पुन्हा चालकाच्या डोळ्यांपाशी येतो, आणि पट्टी शेकडो मीटरांवरूनही लकाकते. रस्त्याच्या मध्ये बसविलेले चमकणारे ‘मांजरडोळे’ याच तत्त्वावर चालतात. त्यांचे पेटंट इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातील पर्सी शॉ यांनी १९३४ मध्ये घेतले. हिवाळ्यात दीर्घ रात्री असणाऱ्या फिनलंड देशात तर अंधारात पायी चालणाऱ्याने असा परावर्तक वापरावा, असे वाहतुकीचा कायदाच सांगतो.

ही पट्टी कोठे लावावी, यालाही शास्त्र आहे. १९७३ मध्ये स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी आपले प्रयोग प्रसिद्ध केले. माणसाच्या केवळ सांध्यांवर प्रकाशाचे ठिपके ठेवून, बाकीचे शरीर अंधारात असताना त्याच्या चालण्याचे चित्रण त्यांनी दाखविले. ठिपके स्थिर असता पाहणाऱ्यांना काही उमगेना. पण ते हलू लागताच “हा माणूस चालतो आहे” हे क्षणार्धात ओळखता आले. आपल्या दृष्टीने याचा बोध असा की, केवळ छातीवर पट्टी असेल तर चालकाला ती मैलाचा दगड किंवा खांब वाटू शकते. घोटे, गुडघे आणि मनगटे यांवर पट्ट्या असतील, तर वरखाली होणारी ती लकाकी “येथे माणूस आहे” असे सांगते. खर्चही मोठा नाही. वाहनांचे क्रमांक रंगविणाऱ्या दुकानातून थोडी पट्टी आणावी, जुन्या कापडाच्या वा नाडीच्या पट्ट्यांवर ती चिकटवून टाके घालावेत, आणि घोट्यांना व मनगटांना बांधावी. मात्र ‘रेडियम’ म्हणून विकली जाणारी प्रत्येक पट्टी परावर्तक नसते. काही नुसत्या रंगीत असतात. विकत घेण्यापूर्वी बॅटरी डोळ्याजवळ धरून पारखून घ्यावी.

या पारखणीचाच एक प्रयोग शाळेत करता येईल. दिवेलागणीनंतर पालकांसमवेत मुलांना मैदानावर बोलवा. एका मुलाला गडद कपड्यांत, दुसऱ्याला पांढऱ्या कपड्यांत आणि तिसऱ्याला घोट्यांवर पट्टी बांधून मैदानाच्या एका टोकास उभे करा. दुसऱ्या टोकाकडून एका पालकाने बॅटरी कानशिलाशी धरून चालत यावे, आणि जो ज्या क्षणी दिसेल तेथे फक्कीने खूण करावी. मग पावलांनी अंतरे मोजावीत. नंतर तीच बॅटरी दुसऱ्याच्या हाती देऊन चार पावले बाजूला उभे राहण्यास सांगा. पट्टी मंद झालेली दिसेल. प्रकाश आल्या वाटेने परत जातो, हे मुले त्या एका प्रयोगात कायमचे शिकतील. आणि जो पालक ट्रॅक्टर चालवितो, तो घरी जाऊन ट्रॉलीच्या मागेही पट्टी लावील.

परंतु पट्टीवर सर्वस्वी विसंबू नये. वाहनाला दिवाच नसेल, तर पट्टी मुकी आहे. आपल्याकडे बिनदिव्याच्या गाड्या किती, हे मी सांगावयास नको. म्हणून धावणाऱ्याजवळ स्वतःचा उजेड हवा : पुढे पांढरा, मागे तांबडा. कपाळाला वा कमरेला बांधावयाची छोटी बॅटरी पुरेशी आहे. तिने खड्डा, दगड आणि पावसाळ्यात वाटेवर आलेला सापही दिसतो.

आता रस्त्यावरील शिस्तीचे नियम थोडक्यात सांगतो.

१. आपल्या देशात वाहने डाव्या बाजूने चालतात. म्हणून धावणाऱ्याने रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या वाहनाकडे तोंड करून धावावे. त्या पहाटेची चारही मुले डाव्या कडेने धावत होती. मात्र उजवीकडे वळणारे आंधळे वळण असेल, तर पुढचा रस्ता दिसेल अशा बाहेरच्या बाजूस वेळीच जावे.

२. एकामागे एक धावावे. गप्पा मारीत ओळीने पसरू नये. सर्वांत पुढच्याने आणि सर्वांत मागच्याने पट्टी व दिवा बाळगलाच पाहिजे.

३. कानांत मोबाइलची गाणी नकोत. अंधारात कान हाच दुसरा डोळा असतो.

४. समोरून प्रखर दिवा आला, तर त्याकडे न पाहता रस्त्याच्या आपल्या कडेकडे नजर ठेवावी, वेग कमी करून साइडपट्टीवर उतरावे, आणि डोळे सावरेपर्यंत थांबावे. दोन वाहने एकमेकांना ओलांडत असतील, त्या वेळी तर अवश्य थांबावे.

५. घड्याळापेक्षा सूर्याकडे पाहावे. जानेवारीत पश्चिम महाराष्ट्रात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, जूनच्या आरंभी सहाच्या सुमारास. मे महिन्यातील साडेपाच आणि पौषातील साडेपाच यांत उजेड आणि काळोख एवढे अंतर आहे. सूर्योदयापूर्वी वीस-पंचवीस मिनिटांपासून बरेच दिसू लागते. हिवाळ्यात तेवढे उशिरा निघावे, आणि दाट धुके असेल त्या दिवशी रस्त्यावर जाऊच नये.

६. घरी मार्ग सांगून जावे. मुलींनी आणि लहान वयाच्या मुलांनी एकट्याने जाऊ नये. कोणीतरी वडीलधारे बरोबर असावे.

आणि सर्वांत शेवटी, त्या कुलपाविषयी. १६०० मीटर म्हणजे दोनशे मीटरांच्या मार्गावर आठ फेऱ्या. त्यासाठी राज्यमार्ग लागत नाही. शाळेचे मैदान लागते. मैदान लहान असेल तर फेऱ्या वाढवाव्यात, मैदानच नसेल तर गावाजवळचा सपाट माळ पाहावा, दिवसा त्यावरील दगड व खड्डे काढावेत आणि फक्कीने मार्ग आखून द्यावा. पांढरी फक्की अंधूक उजेडातही दिसते. कठडा नसलेली विहीर जवळ असेल, तर ती जागा वर्ज्य समजावी.

त्या प्रसंगानंतर मी त्या शाळेत पुन्हा गेलो. मुख्याध्यापकांसमक्ष माझा जुना शेरा खोडला आणि त्याखाली स्वाक्षरी केली. शाळा व्यवस्थापन समितीने ठराव करून फाटकाची एक किल्ली धावणाऱ्या मुलांपैकी एका जबाबदार मुलाकडे दिली. नळांची काळजीही त्याच मुलांवर सोपविली. तोट्या अद्याप शाबूत आहेत. त्या एका गावातील मुले आता पहाटे मैदानावर धावतात. परंतु परवाच दुसऱ्या एका रस्त्याने येताना मला पुन्हा काही काळ्या आकृती दिसल्या, आणि त्या गावच्या शाळेचे फाटक बंद होते.

म्हणून आपणांस माझी विनंती एवढीच आहे. उद्या शाळेत गेल्यावर आपल्या गावातून पहाटे कोण कोण धावते, याची विचारपूस करा. त्यांना एकदा शाळेत बोलावून घ्या, त्यांच्या घोट्यांना पट्टी बांधा, आणि किल्लीचा विषय समितीच्या पुढील सभेत मांडा. या कामाची कोणत्याही तक्त्यात नोंद होणार नाही, त्याबद्दल मी आपणांस विचारणारही नाही. पण पुढच्या पौषात माझ्या गाडीचा उजेड ज्या मुलावर पडेल, त्याच्या घोट्याजवळ काहीतरी लकाकावे, आणि ते आपण बांधलेले असावे.